सासऱ्यांची गाडी

गाडी गल्लीत वळली तेव्हाच त्याने ओळखली. अजून ती दिसलीही नव्हती. दुसऱ्या गिअरमध्ये उगाचच रेंगाळायचं आणि मग कण्हत तिसऱ्यात जायचं, ही खोड असलेली गाडी त्या शहरात एकच होती. आणि खोड गाडीची नव्हती, चालवणाऱ्याची होती. त्याने हातातलं फडकं बादलीच्या काठावर टाकलं, पँटला हात पुसले आणि शटरबाहेर येऊन उभा राहिला.

गोल नाकाची, चार दारांची जुनी गाडी. रंग गडद तांबडा, मरून, निदान एके काळी तरी. आता उन्हाने टप आणि बॉनेट असं खाल्लं होतं, की अंगावर खडूची पूड सांडल्यासारखी ती पांढुरकी दिसत होती. एक चाक फुटपाथवर चढवून ती थांबली आणि आतून सासरे उतरले.

सासरे म्हणजे पूर्वीचे. घटस्फोटाला पाच वर्षं होऊन गेली होती. लग्न मोडलं की बायकोला 'पहिली बायको' म्हणता येतं, पण सासऱ्यांना काय म्हणायचं याची सोय कुणी करून ठेवलेली नाही. नऊ वर्षं तो त्यांना 'बाबा' म्हणत आला होता. आता ते समोर उभे होते आणि तोंडात शब्दच येईना, म्हणून त्याने नुसती मान हलवली.

"काय म्हणता?" सासरे म्हणाले.

"बरंय. तुम्ही?"

"चाललंय."

पाच वर्षांचं बोलणं एवढ्यात आटोपलं. सासऱ्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला.

"रविवारी ती येतेय. म्हणजे ते दोघं. आठ दिवसांसाठी. सकाळच्या गाडीने. स्टेशनवर आणायला जायचंय." मग बॉनेटवर हात ठेवत म्हणाले, "फोनवर दर वेळी म्हणते, बाबा, ते भंगार काढून टाका. भंगार म्हणते! याच गाडीच्या मागच्या सीटवर पाढे पाठ केलेत तिने. म्हटलं, एकदा चकाकी आणावी. बघू दे."

"दुसरीकडे दाखवली?"

"दाखवली. तो म्हणाला, सगळं खरवडून नवा रंग मारू. मला नवा नकोय. आहे तोच हवाय."

त्याने अंगठा ओला करून बॉनेटवर दाबून फिरवला. ओल्या पट्ट्यात क्षणभर गडद, खोल मरून दिसला आणि वाळता वाळता पुन्हा पांढुरका झाला. रंग मेलेला नव्हता, वरचा थर तेवढा मेला होता.

"शनिवारी संध्याकाळी देतो," तो म्हणाला.

"मी येऊन बसलो तर अडचण होईल का तुम्हाला?"

गिऱ्हाईक डोक्यावर येऊन बसलेलं त्याला खपत नसे. गल्लीत सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"या," तो म्हणाला.

सासरे गेल्यावर शेजारचा टायरवाला हवेची नळी हातात घेऊनच आला. त्याने सगळं ऐकलं होतं, तो नेहमीच सगळं ऐकायचा. "काय रे मौनीबाबा, ती दुसऱ्या नवऱ्याला घेऊन येणार आणि तू तिच्यासाठी गाडी घासत बसणार? तुझी पाद्यपूजाच करायला हवी."

"गाडी सासऱ्यांची आहे."

"कुठले सासरे? झाड पडलं तरी तू फांदीला लोंबकळतोयस!"

त्याने नळ सोडला आणि बादली भरायला लावली.

त्याचा धंदा गाड्यांना पॉलिश करण्याचा, आणि एकट्याचा. वर्कशॉपच्या मागून एक लोखंडी जिना वर जायचा, वर त्याची खोली होती. पलंग, शेगडी, दोरीवर दोन शर्ट. लग्न झालं तेव्हा दोघं पलीकडच्या रस्त्यावर दोन खोल्यांत राहायची. ती गेल्यावर दुसऱ्या खोलीत काय करायचं हेच त्याला कळेना, म्हणून तो इकडे येऊन राहिला.

भांडणं झाली असती तर बरं झालं असतं, असं सासूबाई म्हणायच्या. भांडण नव्हतंच. घरात माणसं दोन आणि बोलायचा तो रेडिओ. ती नकाशे काढायच्या ऑफिसात होती. संध्याकाळी येऊन दिवसभराचं सांगायची, तो ऐकायचा, हं म्हणायचा. हळूहळू तिने सांगणं कमी केलं. एकदा म्हणाली, "गाडीवरचा केसाएवढा ओरखडा तुला दहा पावलांवरून दिसतो. माझं तोंड आठ दिवस उतरलंय, ते नाही दिसलं?" दिसलं होतं. विचारायचं कसं, ते त्याला सुचलं नव्हतं. पुढच्या वर्षी तिने दुसऱ्या शहरात बदली मागून घेतली, आणि तो तिच्याबरोबर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे बसने आले. बरोबर थर्मास होता आणि पिशवीत कप दोन होते. त्याने त्यांना स्टूल दिलं, दारापाशी, उजेडात. त्यांनी कप पुसले, दोन्हींत चहा ओतला आणि दुसरा काही न बोलता त्याच्यापुढे धरला.

गाडी धुऊन झाली होती. त्याने प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घातली आणि टपावरून तळवा फिरवला. "बघा हात लावून. असाच, पिशवी घालून."

सासऱ्यांनी फिरवला. "अरेच्चा. वाळू आहे की."

"धुतलं तरी राहते. रंगात रुतलेली. नुसत्या हाताला लागत नाही, पिशवीतून लागते." त्याने चिकणमातीसारखी मऊ वडी साबणाच्या पाण्यात बुडवली आणि वीतभर जागेत पुढेमागे सरकवायला सुरुवात केली. थोड्या वेळाने तोच भाग सासऱ्यांच्या हाताखाली काचेसारखा सटकला, तसे ते खूश झाले. पुढे दिवसभर पिशवी त्यांच्या हातातच होती. तो एक भाग संपवायचा, ते उठून तपासायचे आणि "पास" म्हणायचे.

तपासणं त्यांच्या अंगातच होतं. चाळीस वर्षं ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, समासात खुणा करायच्या आणि पान पुढे सरकवायचं. निवृत्त झाल्यावरही पेपर हातात पेन घेऊनच वाचायचे. लग्नाच्या पत्रिकेत जावयाचं आडनाव चुकलं होतं ते त्यांनीच पकडलं होतं. सगळ्या प्रती परत पाठवल्या होत्या.

गुरुवारी त्याने कंपाउंड, म्हणजे रंगाचा वरचा थर घासून काढणारी पेस्ट, घेतलं. निकेलच्या पट्ट्यांवर, रबरांवर आणि पत्र्याच्या प्रत्येक धारेवर कागदी चिकटपट्टी लावली आणि हातानेच घासायला घेतलं, मशीन लावलं नाही. चार-सहा हात फिरले आणि पांढरं फडकं मरून झालं.

सासरे स्टुलावरून अर्धे उठले. "रंग निघतोय हो!"

"निघणारच. मेलेला आहे तो. खालचा जिवंत आहे."

"किती आहे खाली?"

"आहे पुरेसा. पण दर वेळी थोडा जातो. अजून दोन-तीन वेळा करता येईल. मग नाही." तो बॉनेटच्या मधल्या उंचवट्यापर्यंत आला आणि थांबला. तिथे चिकटपट्टीच्या कडेशी नखाएवढा राखाडी ठिपका होता. रंगाखालचा अस्तराचा थर, प्रायमर. त्यावर कुणीतरी पूर्वी ब्रशने मरून टेकवलेला होता, तोही आता उडाला होता.

कुणीतरी म्हणजे त्यानेच. लग्नाला दोन महिने झाले होते तेव्हा. नव्या सासऱ्यांना आपलं कसब दाखवायचं म्हणून त्याने रविवारी सकाळी मशीन घेऊन गाडी चकचकीत करायला घेतली होती आणि धारेवर जरा जास्तच जोर दिला होता. मग कुणी बघायच्या आत ठिपका बुजवला होता, वर मेण चोपडलं होतं. चौदा वर्षं तो ठिपका त्याच्या डोक्यात होता. सासुरवाडीला गेला की गाडीकडे बघायचं टाळायचा.

"हे मी केलंय," तो म्हणाला. फडक्याकडे बघतच. "लग्नानंतर, पहिल्यांदा पॉलिश केलं होतं ना, तेव्हा मशीन लागलं. सांगितलं नाही तुम्हाला."

सासऱ्यांनी ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग हसायला लागले, खांदे हलवून, आवाज न करता. "मला त्याच दिवशी दुपारी दिसलं होतं."

"मग बोलला नाहीत?"

"नवा जावई! बोलतो कसला? हिला म्हटलं, पोरगा चुका झाकतो, पण सुबक झाकतो. ती म्हणाली, तुम्ही गप्प बसा, आपली पोरगी कुठे बिनचूक आहे."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, कारण पलीकडून टायरवाल्याने मान वर काढून बघितलं.

चहा संपल्यावर कप विसळायला म्हणून सासरे उठले आणि नळाकडे निघाले. वाटेत साबणाच्या पाण्याची बादली होती. निळी, भरलेली, चांगली मोठी. ते सरळ तिच्यावर चालून गेले.

"बाबा!"

ते जागच्या जागी थांबले, पायाचं बोट बादलीला टेकलेलं. दोघेही तसेच उभे. पाच वर्षांत तो शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच गेला होता. पण त्यावर आता दोघांनाही काही बोलायचं नव्हतं, कारण बादली समोर होती.

"दिसली नाही?" त्याने विचारलं.

"दिसली, कडेने."

"म्हणजे?"

सासरे परत येऊन स्टुलावर बसले. कप मांडीवर ठेवले. "डोळ्याच्या पडद्यावर डाग पडलाय. मधोमध. दोन्ही डोळ्यांना. मी जिथे बघतो तेच नेमकं दिसत नाही, आजूबाजूचं दिसतं. आता तुमच्याशी बोलतोय ना, तर तुमच्या कानाकडे बघतोय. कानाकडे बघितलं की तोंड थोडं थोडं दिसतं."

"पेपर?"

"नाही वाचता येत. आठ महिने झाले. घेतो हातात, सवय म्हणून."

त्याला एकदम मंगळवारची आठवण झाली. फुटपाथवर चढलेलं चाक. "मग गाडी कशी चालवत आणलीत इथपर्यंत?"

"हळू," सासरे म्हणाले.

त्या संध्याकाळी त्याने साऱ्या गाडीला तेलकट मलम जाड थरात चोपडलं आणि तसंच ठेवलं. जुना रंग कोरडा पडतो, रात्रभर तेल मुरलं की पुन्हा थोडा ओलसर होतो, खोल दिसतो. सासऱ्यांना बसमध्ये बसवून तो वर गेला. जेवायचं सुचेना. दोन शर्टांतला एक इस्त्री करून ठेवला, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी मलम पुसलं, तेव्हा सासऱ्यांना काही सांगावं लागलं नाही. दारातून आत येता येताच ते थबकले. मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून गाडीकडे बघत राहिले.

"लाल झालीय," ते म्हणाले. "हो ना?"

"मरून."

"हिला हाच रंग हवा होता. मी पांढरी बघितली होती. पांढरी स्वस्त होती." ते जवळ आले आणि पिशवीशिवाय, उघडा तळवा दारावर टेकवला.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्याला ते महिन्याने कळलं, तेही एका गिऱ्हाइकाकडून, बोलता बोलता. जावं की न जावं यात एक आठवडा गेला, मग पत्र लिहावं म्हणून एक कागद गेला, मग इतका उशीर झाला की जाणंच विचित्र वाटायला लागलं. आता तो पॉलिशचा डबा हातात धरून उभा होता.

"सासूबाईंचं मला उशिरा कळलं," तो म्हणाला. "यायला हवं होतं. आलो नाही."

सासऱ्यांनी मान डोलावली. हात दारावरच होता. "मी वाट बघितली होती," एवढंच म्हणाले. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मग थोड्या वेळाने, "चहा ओतू?"

शनिवारी दुपारी मेण लावून झालं. शेवटचं मऊ फडकं फिरवलं आणि तो चार पावलं मागे सरला. गाडीच्या दाराच्या चकाकीत वर्कशॉपचं शटर, समोरची भिंत, टायरवाल्याचा पिवळा फलक, सगळं उतरलं होतं. राखाडी ठिपका तसाच होता, त्याने तो या वेळी बुजवला नव्हता. टायरवाला आला, एक फेरी मारली आणि म्हणाला, "घे, नाही म्हणायला जागाच ठेवली नाहीस."

गाडी त्याने स्वतःच चालवली. सासरे शेजारी बसले, हात मांडीवर, समोर तोंड करून. घर आलं. तीच कडी, तेच दाराला लागणारं पायपुसणं. आत मात्र बाईमाणूस नसलेल्या घरात असते तशी आवराआवर होती. सगळं भिंतीला चिकटून, चालायच्या वाटा मोकळ्या. पलीकडच्या खोलीत पलंगावर नवी चादर घातली होती. पाकिटातल्या घड्यांच्या रेघा अजून तशाच होत्या. दोन उशा. त्याने त्या बघितल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन बसला.

"उद्या सकाळी आठ-चाळीसची गाडी," सासरे म्हणाले. "साडेसातला निघेन."

"तुम्ही चालवायची नाही."

"तीन रस्ते तर आहेत."

"बाबा, तुम्हाला बादली दिसली नाही."

सासरे खुर्चीवर बसले. टेबलावरचा मिठाचा डबा उगाच सरळ केला. "मग कोण?"

त्याने खिशातली गाडीची किल्ली चाचपली. तो म्हणाला, "मी चालवतो. मी आत येणार नाही, स्टेशनबाहेर थांबेन. घरी सोडेन आणि किल्ली ठेवून जाईन."

सासऱ्यांनी त्याच्या कानाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"नको रे," ते म्हणाले. "तिला अवघड होईल. तिच्या नवऱ्याला होईल, तो भला माणूस आहे. आणि तुला होईल. आरशात बघायचं नाही म्हणून मान आखडून चालवशील घरापर्यंत. मी ओळखतो तुला."

जावयाला अहो-जाहोच करायचं, हा त्यांचा नियम होता. नऊ वर्षांत एकदाही चुकला नव्हता. आज त्यांनी 'रे' म्हटलं होतं, 'तुला' म्हटलं होतं.

"तिला डोळ्यांचं सांगितलंय?" त्याने विचारलं.

"तिकडे बसून काळजी करत राहील."

"उद्या येईलच. कळेलच. आधी सांगा."

"तू सांगतोस?" सासरे म्हणाले आणि लगेच हात हलवला. "नाही, नाही. लाव फोन. आकडे दिसत नाहीत मला, अंदाजाने दाबतो. दोनदा चुकीच्या घरी लागलाय."

नंबर त्याला पाठ होता. तो बदलला नव्हता. त्याने आकडे दाबले, रिंग वाजायला लागली तसा फोन सासऱ्यांच्या हातात दिला आणि उठून ओट्याशी गेला. पलीकडून "हॅलो, बाबा" एवढं ऐकू आलं. त्याने नळ सोडला. भांडं काही नव्हतं, नुसताच हात धूत राहिला. पाण्याच्या आवाजातूनही तिचा आवाज चढलेला कळत होता, शब्द कळत नव्हते. मग तो आवाज थांबला. मग फार वेळ काहीच नाही.

"नळ बंद कर," सासरे म्हणाले. "ठेवला तिने. टॅक्सीने येतील." त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "रडली. लहानपणी पडली की म्हणायचो, काही झालं नाही, ऊठ. आज काय म्हणायचं कळेना."

किल्ली टेबलावर ठेवून तो चालत परत आला. बस होती, पण त्याला बस नको होती.

रविवारी आठ-चाळीसला तो वर्कशॉपमध्ये फडकी धूत होता. सगळी फडकी धुतली, दोरीवर मावेनात म्हणून जिन्याच्या कठड्यावर घातली. पुढचे आठ दिवस एका पांढऱ्या व्हॅनचं काम केलं. दारापाशी स्टूल होतं, ते आत नेऊन ठेवावं असं रोज मनात यायचं.

नवव्या दिवशी सासरे आले. हातात काठी होती, नवी. बसमधून उतरताना कंडक्टरने हात दिला होता. ते स्टुलावर बसले आणि थर्मास पायाशी ठेवला.

"बघितली तिने गाडी," ते म्हणाले. "दोनदा फिरली भोवती. म्हणाली, नवा रंग दिलात? म्हटलं, जुनाच. मग विचारलं, कुणी केलं. सांगितलं."

"मग?"

"मग काही नाही. हात फिरवत राहिली. नवरा म्हणाला, फोटो काढू या, तर म्हणाली, नको, आत चला."

त्याने व्हॅनच्या दारावरचं फडकं पुन्हा त्याच जागी फिरवलं.

"मला घेऊन जाणार आहे ती," सासरे म्हणाले. "महिनाअखेर. डॉक्टर, वेळ, सगळं ठरवून गेली. भाड्याचं घर, सोडायचंही कळवलं."

"मी होतो की इथे," तो म्हणाला. त्याला वाटलं त्यापेक्षा मोठ्याने निघालं.

"आहेस रे. पण तुझा तो जिना बघ. मला काय, शिडीवर चढवणार?" सासरे हसले, आणि मग हसायचे थांबले. "फोन तूच करायला लावलास."

"चुकलं का?"

"चूक असती तर मला सापडली असती." त्यांनी कप पुसले. "पण आणखी थोडे दिवस कुणाला कळलं नसतं तर मला चाललं असतं. हे खरं."

महिनाअखेरीला ती आली. मागून आलेली टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबवून मरून गाडी तिने स्वतः आत आणली. तिला चालवता येतं हे त्याला ठाऊक नव्हतं, नंतर शिकली असावी. केस कापले होते, कानांपाशी पांढरे झाले होते. सासरे शेजारच्या सीटवर होते.

"कसा आहेस?" तिने विचारलं.

"बरा. तू?"

"बरी आहे." तिने पर्समधून कागदांची पिशवी काढली. "गाडीचे कागद. तिकडे गाडी ठेवायला जागा नाही. मीच बाबांना म्हटलं, तुझ्याकडे राहू दे. चालेल ना?"

"चालेल."

"तुला विकायची झाली तरी..."

"नाही विकणार."

"मी तसं म्हणत नव्हते."

"माहितीये."

ती वर्कशॉपकडे बघत होती, डब्यांच्या फळीकडे, दोरीवरच्या फडक्यांकडे, मागच्या जिन्याकडे. "आठ महिने रोज फोनवर बोलत होते माझ्याशी," ती म्हणाली. "पेपरातल्या चुका वाचून दाखवायचे. मनाने रचून सांगत होते. मला एकदाही शंका आली नाही. तुला कशी आली?"

"बादलीवर गेले," तो म्हणाला. मग काहीतरी आणखी बोलायला हवं असं त्याला वाटलं, आणि या वेळी त्याने ते सोडून दिलं नाही. "तुझा प्रवास फार होतोय. दमलेली दिसतेस."

तिने त्याच्याकडे बघितलं. "हो," ती म्हणाली. "झोप नाही नीट." ती आणखी काही बोलणार होती, पण टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला.

सासऱ्यांनी बॉनेटवर हात ठेवला, बोटांनी तो राखाडी ठिपका शोधला, सापडल्यावर मान हलवली. मग त्याचा खांदा चाचपून धरला. "थर्मास तुझ्याकडेच राहू दे," ते म्हणाले. "तिच्याकडे आहे म्हणते." तिने त्यांचा हात धरून त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं. ते पावलं मोजल्यासारखे चालत होते. टॅक्सी वळली.

टायरवाला आला आणि शेजारी उभा राहिला. टॅक्सी गेली त्या बाजूला बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "चहा सांगू?" तो नको म्हणाला, तरी त्याने सांगितला.

पावसाळाभर गाडी शटरच्या आत उभी राहिली. जागा अडते म्हणून त्याला एका वेळी एकच काम घेता यायचं. आठवड्यातून एकदा तो ती बाहेर काढून फेरी मारायचा, बॅटरी उतरू नये म्हणून. जायचं कुठेच नसे. एकदा सासऱ्यांच्या जुन्या घरावरून गेला, तिथे खिडकीत कुणाच्या तरी लहान मुलाचे कपडे वाळत होते, मग त्या रस्त्याने गेला नाही.

एका रविवारी दुपारी त्याने फोन लावला. इतक्या दिवसांत सासऱ्यांनीच दोनदा केला होता, त्याने एकदाही नाही. फोन तिने उचलला.

"बाबा झोपलेत," ती म्हणाली. "उठवू?"

"नको. झोपू दे."

"बरे आहेत. जिन्याच्या पायऱ्या मोजून ठेवल्यात. शेजारचे आजोबा येतात गप्पा मारायला, पण यांना ते आवडत नाहीत. फार बोलतात म्हणे."

"हं," तो म्हणाला. मग म्हणाला, "डोळे?"

"आहेत तसेच. वाढायला नको, एवढंच डॉक्टर म्हणाले." ती थांबली. मागे कुणीतरी भांडी लावत असल्याचा आवाज येत होता. "गाडी?"

"आहे. चालवतो."

"बरं."

दोघांनाही फोन ठेवावासा वाटत नसावा, किंवा त्याला एकट्यालाच तसं वाटलं असेल. "संध्याकाळी सांगते त्यांना, तुझा फोन आला होता म्हणून," ती म्हणाली. "ठेवू?"

"ठेव."

फोन बंद झाल्यावर तो पलंगावर बसून राहिला. खाली कुणीतरी शटर वाजवलं. एका हिरव्या गाडीचा माणूस आला होता, दारावर नवा ओरखडा घेऊन. सुट्टी आहे, उद्या या, असं सांगता आलं असतं. तो खाली उतरला, दाराशी वाकला आणि नखाने ओरखडा चाचपून बघितला. नख अडकत नव्हतं, म्हणजे ओरखडा वरवरचा होता.

"निघेल," तो त्या माणसाला म्हणाला. "बसा. चहा घेणार?"

"नको, मला घाई आहे," तो माणूस म्हणाला. किल्ली त्याच्या हातात देऊन तो निघून गेला.